हँक विल्यम्स : गाणं तीन मिनिटांचं, हिशेब सेंटांचा

अमेरिकी कंट्री संगीतातला गायक आणि गीतकार हँक विल्यम्स (१९२३–१९५३) हा या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय. काहींना त्याच्या आयुष्यातल्या आख्यायिका तपासून हव्या आहेत, तर काहींनी गिटार मांडीवर घेऊनच प्रश्न लिहिलेत. दोन्ही मिसळून घेतले आहेत, कारण गाणं कसं बांधलं आणि पोट कशावर भरलं या दोन गोष्टी त्याच्या बाबतीत वेगळ्या काढता येत नाहीत.

प्रश्न : गाण्यांचा प्रकाशक फ्रेड रोझने हँकला खोलीत कोंडलं, "गाणी तूच लिहितोस हे दाखव" म्हणाला, आणि अर्ध्या तासात हँक तयार गाणं घेऊन बाहेर आला, असं वाचलं. खरं का?

उत्तर : गोष्ट झकास आहे, पुरावा मात्र तिच्या बाजूने नाही. १९४६ साली रोझ गाणी शोधत होता ती मॉली ओडे या गायिकेसाठी. हँक तेव्हा अलाबामातल्या माँटगोमरीत डब्ल्यूएसएफए रेडिओवर गात होता. रोझने त्याला जवळ केलं ते गाणी पुरवणारा माणूस म्हणून, आणि ओडेने त्याची गाणी रेकॉर्डही केली. त्याच वर्षी डिसेंबरात स्टर्लिंग नावाच्या छोट्या कंपनीसाठी खुद्द हँकचा आवाज रेकॉर्ड झाला. १९४७ मध्ये एमजीएम या रेकॉर्ड कंपनीने त्याला घेतलं. म्हणजे आधी गीतकार, मग गायक. त्याची पुढची सगळी कमाई याच क्रमाने समजते.

रोझ हा शहरी लोकप्रिय गाण्यांच्या धंद्यात मुरलेला माणूस. कंट्री गायक रॉय अक्यूफबरोबर त्याने १९४२ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलला अक्यूफ-रोझ ही गाण्यांची प्रकाशन कंपनी काढली. हँक खर्डा आणायचा. रोझ ओळी छाटायचा, अंतऱ्यांची अदलाबदल करायचा, जिभेला अडणारा शब्द बदलायचा. बहुतेक वेळा स्वतःचं नाव लावायचा नाही. यावरून "खरी गाणी रोझचीच" असा दुसऱ्या टोकाचा दावाही ऐकू येतो. तो आम्हाला पटत नाही. रोझच्या नावावरची गाणी काढून पाहा : यमकं सफाईदार, शब्द घोटलेले. हँकची ओळ चारचौघांत बोलल्यासारखी येते, मध्येच खडबडीत होते आणि तिथेच लागते. रोझ उत्तम संपादक होता, आणि उत्तम संपादकाला काय सोडून द्यायचं ते कळतं. १९६१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी पहिली तीन नावं निवडली गेली ती जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि फ्रेड रोझ यांची.

प्रश्न : मग त्याचा गुरू कोण?

उत्तर : रुफस पेन, टोपणनाव "टी-टॉट". अलाबामातल्या जॉर्जियाना आणि ग्रीनव्हिल या गावांत रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय कलाकार. पोरगेल्या हँकला त्याने गिटार दाखवली, बदल्यात हँकच्या घरून जेवण किंवा चिल्लर मिळायची. आपलं सगळं संगीतशिक्षण याच माणसाकडे झालं, असं हँक पुढे सांगायचा. पेन १९३९ मध्ये माँटगोमरीत वारला. त्याचा आवाज कुठेच ध्वनिमुद्रित नाही, त्यामुळे अमुक जागा त्याच्याकडूनच आली असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. हँकच्या गाण्यात ब्लूजचा, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा, रंग आहे एवढं मात्र कानाला उघड कळतं.

प्रश्न : मी सुगम संगीत शिकले आहे. त्याच्या आवाजात मध्येच जो "तुटका" आवाज येतो तो काढता येत नाही. माझी मींड होते.

उत्तर : चूक नेमकी तुम्हीच ओळखली आहे. मींड म्हणजे दोन स्वरांमधला रस्ता ऐकवणं. हँक जे करतो त्यात रस्ता नसतोच. छातीच्या आवाजातून डोक्यातल्या पातळ आवाजात उडी मारायची आणि उडी मारताना जो खटका बसतो तो लपवायचा नाही. योडेलिंगचं सगळं मर्म त्या खटक्यात आहे. वर्षानुवर्षं आपण हाच सांधा गुळगुळीत करायला शिकतो, म्हणून शिकलेल्या गळ्याला हे जास्त जड जातं.

सराव असा करा. आधी आपला सांधा कुठे आहे ते शोधा : "आ"वर चढत जा, जिथे आवाज आपोआप पातळ व्हायला लागेल तो स्वर लक्षात ठेवा. आता त्याच्या चार-पाच स्वर खाली "ओ" भरीव म्हणा आणि थेट वरच्या स्वरावर "ई" हलका सोडा. "ओ–ई", मध्ये श्वास न तोडता. स्वरवर्ण बदलणं महत्त्वाचं, कारण भरीव आवाजाला "ओ" आणि "आ" सोयीचे पडतात, पातळ आवाजाला "ई" आणि "ऊ". दोन्हीकडे "आ"च ठेवलात तर मींडच होणार. वरचा स्वर जोर लावून घेतलात तर छातीचा आवाज वर ओढला जातो आणि ओरडल्यासारखं होतं. खालचा जोरात, वरचा अर्ध्या ताकदीने, हे प्रमाण धरा. दिवसाला पाच-सात मिनिटं पुरे. घसा खवखवला तर त्या दिवशी थांबायचं.

जमलं की आवरायचं, हे दुसरं काम. १९४९ च्या "लव्हसिक ब्लूज"मध्ये हा खटका पानोपानी आहे. शांत गाण्यांत मात्र तो कडव्यात एखाद्याच शब्दावर येतो, तोही ओळीचा भार ज्या शब्दावर आहे तिथेच.

प्रश्न : त्याच्या रेकॉर्डमध्ये ड्रम नाहीत, तरी ठेका इतका पक्का कसा?

उत्तर : ड्रम जवळजवळ नाहीतच. शेवटच्या सत्रात, २३ सप्टेंबर १९५२ ला, एका गाण्यात ते ऐकू येतात. एरवी ठेका तीन वाद्यांत वाटलेला असतो. डबल बेस (उभं वाजवायचं मोठं खर्जाचं तंतुवाद्य) बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनाच्या, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर गिटारचा कोरडा फटका : उजवा हात तारांवर पडला की त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं किंचित सैल करायची, तारा सोडायच्या नाहीत, फक्त दाब काढायचा. सूर तिथल्या तिथे मरतो आणि "चक्" एवढंच उरतं. इलेक्ट्रिक गिटारवाला खालच्या तारा तळहाताच्या कडेने दाबून बेसच्याच स्वरांवर टिकटिक ठेवतो. हे तिन्ही जुळले की ड्रमची आठवणही होत नाही. यातला एक जरी घाईत असला की सगळं डगमगतं. बहुतेक वेळा घाई गिटारवाल्याचीच असते.

वरचा थर व्हायोलिन आणि स्टील गिटारचा. १९४९ नंतरच्या "ड्रिफ्टिंग काउबॉइज" या हँकच्या वाद्यमेळात स्टीलवर डॉन हेल्म्स आणि व्हायोलिनवर जेरी रिव्हर्स होते. स्टील आडवी ठेवतात. डाव्या हातातला धातूचा दांडा तारांवर सरकवायचा, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडायचं. हेल्म्सने वरच्या सप्तकात राहावं हा रोझचा आग्रह. गायकाचा आवाज मधल्या पट्ट्यात. स्टील तिथेच घुटमळली तर शब्द झाकले जातात, आणि त्या काळच्या रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर तसेही धड पोचत नसत.

इथे एक चूक फार होते. आज कंट्री म्हटलं की पायाने पेडल दाबून एकच तार चढवणारी पेडल स्टील डोळ्यांसमोर येते. तिचा तो आवाज पहिल्यांदा गाजला १९५४ साली, गायक वेब पीअर्सच्या रेकॉर्डवर, बड आयझॅक्सच्या हातून. तोवर हँकला जाऊन वर्ष उलटलं होतं. हेल्म्सच्या वाद्याला पेडल नव्हते. सगळ्या तारा एकदम सरकतात, रडवेपणा दांड्याच्या थरथरीतून येतो. पेडलच्या वळणांनी हँक वाजवला की चुकीच्या दशकातला वाटतो.

प्रश्न : त्याचं वॉल्ट्झ लयीतलं गाणं गिटारवर वाजवायचं आहे. जी, सी, डी या तीन कॉर्ड येतात. पुढे काय?

उत्तर : तीन मात्रांचा बार. पहिली मात्रा अंगठ्याची, एकच जाड तार. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला खालच्या तीन बारीक तारांवर हलका फटका, दोन्ही वेळा वरून खालीच.

बेसची तार दर बारला बदला. जी असताना पहिल्या बारात सहावी (सर्वांत जाड) तार तिसऱ्या फ्रेटवर, पुढच्या बारात चौथी तार मोकळी. सी असताना पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर, पुढच्या बारात तेच अनामिकेचं बोट उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्या. बाकीची बोटं जागची हलवू नका. डी असताना चौथी मोकळी, मग पाचवी मोकळी.

एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना पायऱ्या घालायच्या. जीवरून सीवर जायच्या आधीच्या बारात फटके बंद. तीन मात्रांना तीन सुटे स्वर : सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी मोकळी, पाचवी दुसऱ्या फ्रेटवर. चौथा ठोका म्हणजे सीचा पहिला. परत येताना उलट : पाचवी तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, मोकळी, आणि जी. एवढ्या एका गोष्टीने वाजवणं एकदम जुन्या रेकॉर्डसारखं होतं.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० वर ठेवून सुरुवात करा, हात बसला की १०५–११०. बिघडतं ते असं : प्रत्येक मात्रेला सहाही तारा झोडल्या जातात, मग व्हायोलिनला किंवा दुसऱ्या गिटारला शिरायला जागाच राहत नाही. डी वाजवताना सहावी तार वाजते. तो ई स्वर कॉर्डच्या तळाशी बसून सगळं गढूळ करतो. तिसरी मात्रा खाल्ली जाते, म्हणजे पुढचा बेस अर्धी मात्रा आधीच येतो. आणि कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावला असेल तर तो फ्रेटच्या पट्टीला अगदी लगटून लावा. लांब लावून जोरात आवळला की तारा ताणल्या जातात, स्वर चढतात, आणि तुम्ही निष्कारण खुंट्या पिळत बसता.

आकड्यांनी कॉर्ड लिहायची "नॅशव्हिल पद्धत" हँकने वापरली का, असंही याच पत्रात आहे. नाही. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीची, जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूजची. पण तुम्ही शिकून ठेवा : जीच्या पट्टीत जी म्हणजे १, सी म्हणजे ४, डी म्हणजे ५. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो.

प्रश्न : गाणी इतकी छोटी का? आणि तसं गाणं लिहायचं तर किती लिहायचं?

उत्तर : दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. पाटीच तेवढी. आता हिशेब मांडू.

नेहमीचा साचा ३२ बारांचा : आठ बारांचं कडवं, त्याच चालीवर दुसरं, मग चाल बदलून आठ बार, आणि शेवटी पहिल्या चालीवर परत. चार मात्रांचा बार आणि मिनिटाला १०० मात्रा धरल्या तर ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, सुमारे ७७ सेकंद. हे दोनदा गायलं आणि चार बारांची सुरुवात धरली की २ मिनिटं ४३ सेकंद. त्यात १६ बार वाद्यांना दिले तर तीन मिनिटं ओलांडली. म्हणून तोडगा असा : एकदा पूर्ण ३२ बार, मग वाद्यं १६ बार, मग गायक थेट बदललेल्या चालीवर येतो आणि शेवटचं कडवं गाऊन थांबतो. पुन्हा २ मिनिटं ४३ सेकंदांच्या आसपास.

याचा अर्थ लेखकाच्या हातात नवे शब्द किती? चार छोटी कडवी, बस. म्हणून पहिल्याच ओळीत कोण कोणाशी बोलतंय ते कळावं लागतं, आणि शीर्षक कडव्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या ओळीत बसावं लागतं, कारण ऐकणारा दुकानात जाऊन तेच नाव घेऊन रेकॉर्ड मागणार. नवखे लेखक बदललेल्या चालीच्या आठ बारांत नवी माहिती कोंबतात. तिथे माहिती नको, नजर फिरायला हवी : आधी "मी" बोलत असेन तर इथे "तू", आधी काल असेल तर इथे उद्या. शेवटचं कडवं मग तेच शब्द घेऊन आलं तरी वेगळं ऐकू येतं.

शीर्षकावर मालकी नसते, हेही सांगून टाकू. हँकच्या १९५१ च्या "हे गुड लुकिन"च्या आधीच त्याच नावाचं कोल पोर्टरचं गाणं ब्रॉडवेच्या संगीतिकेत होतं. कॉपीराइट शब्दरचनेला आणि चालीला, नावाला नाही.

प्रश्न : इतकी गाजलेली गाणी, मग पैसा किती मिळायचा? गायकाला जास्त की लेखकाला?

उत्तर : दोन वेगळ्या नळांतून पाणी येतं, ते आधी वेगळं करू. गायकाला रेकॉर्ड कंपनी करारानुसार देते. लेखकाला गाण्याचा प्रकाशक देतो, आणि त्याचा दर कायद्याने बांधलेला होता : अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यापासून १९७७ अखेरपर्यंत एका गाण्याला प्रति रेकॉर्ड २ सेंट. अर्धा प्रकाशकाचा, अर्धा लेखकाचा. एक लाख रेकॉर्ड खपल्या की २,००० डॉलर, त्यातले लेखकाचे १,०००. मागच्या बाजूचं गाणंही त्याचंच असेल तर दुप्पट, म्हणून मागची बाजू दुसऱ्याला द्यायला कोणी तयार नसे. प्रकाशकाने सूट देऊन दर खाली आणला तर लेखकाचा वाटाही घटतो. (२०२५ मध्ये हा दर १२.७ सेंट होता. महागाई धरली तर लेखकाच्या हाती हँकच्या काळापेक्षा कमीच पडतं.)

दुसरी जमा रेडिओची. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लेखक आणि प्रकाशकाला जातात, गायकाला नाही. आजही हेच चालतं.

आता "लव्हसिक ब्लूज" पाहा. २२ डिसेंबर १९४८ ला सिनसिनाटीच्या हर्झॉग स्टुडिओत रेकॉर्ड झालं, बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री यादीत १६ आठवडे पहिलं राहिलं, आणि त्याच्या जोरावर ११ जून १९४९ ला हँक ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या गाजलेल्या कंट्री रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभा राहिला. पण गाणं १९२२ चं, क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांचं. आयुष्य बदलणाऱ्या या गाण्यातून लेखक म्हणून त्याला काहीच नाही. रोझला ते गाणं आवडलं नव्हतं, यात चवीबरोबर धंद्याची नजरही असणार, असा आमचा कयास.

उलट बाजूला "कोल्ड कोल्ड हार्ट". हे हँकचं स्वतःचं. १९५१ मध्ये पॉप गायक टोनी बेनेटने ते वाद्यवृंदासह गायलं आणि पॉप यादीत ते पहिलं आलं. हँकने एक सूरही न लावता त्या रेकॉर्डचे पैसे त्याच्याकडे आले. कंट्री गाणी शहरी गायकांकडे पोचवण्याची ही वाट अक्यूफ-रोझने पद्धतशीर रुंद केली.

हा धडा पुढच्यांनी दोन्ही प्रकारे गिरवला. कंट्री गायक-गीतकार विली नेल्सनने तंगीत असताना "फॅमिली बायबल" ५० डॉलरला विकून टाकलं. १९६० मध्ये ते दुसऱ्याच्या आवाजात गाजलं तेव्हा त्याच्या हाती काही नव्हतं. कंट्री गायिका डॉली पार्टनकडे तिचं १९७४ चं "आय विल ऑलवेज लव्ह यू" एल्व्हिस प्रेस्लीसाठी मागितलं गेलं, अट होती प्रकाशन हक्काच्या निम्म्या वाट्याची. तिने नाही म्हटलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं आणि त्या नकाराची किंमत जगाला कळली. गाणी लिहिणाऱ्याने यातून एवढंच उचलावं : रोख रक्कम घेऊन पूर्ण हक्क सोडण्याआधी तो कागद एक रात्र उशाखाली ठेवावा.

प्रश्न : ऑप्रीतून त्याला का काढलं? तिथे पैसे चांगले मिळत असतील ना?

उत्तर : ऑप्रीच्या कार्यक्रमाचे पैसे किरकोळच. मोल होतं ते नावाला. ऑप्री प्रसारित करणाऱ्या डब्ल्यूएसएम रेडिओचं ५०,००० वॉटचं प्रक्षेपण रात्री अमेरिकेच्या मोठ्या भागात ऐकू जाई, आणि "ऑप्रीचा कलाकार" एवढे शब्द जाहिरातीवर असले की गावोगावच्या कार्यक्रमांची तिकिटं खपत. बदल्यात शनिवारी रात्री नॅशव्हिलमध्ये हजर राहायचं. म्हणजे दौरा रविवार ते शुक्रवार, आणि शनिवारपर्यंत मोटारीने परत येता येईल एवढ्याच अंतराचा. जन्मापासून पाठीच्या कण्यात दोष असलेल्या माणसाला हे काय पडत असेल याचा अंदाज करा. डिसेंबर १९५१ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली. वेदनाशामकं आणि दारू हातात हात घालून वाढली. कार्यक्रम बुडायला लागले, आणि ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने त्याला काढलं. तो श्रीव्हपोर्टच्या लुइझियाना हेराइड या रेडिओ कार्यक्रमाकडे परतला. १९४८ मध्ये त्याने वर यायला सुरुवात केली होती ती याच कार्यक्रमातून.

प्रश्न : मृत्यू नक्की कसा झाला?

उत्तर : यावर नको तितकी शाई सांडली आहे, म्हणून थोडक्यात. ३१ डिसेंबर १९५२ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचा कार्यक्रम खराब हवेमुळे बारगळला. दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या कँटनला कार्यक्रम होता. वाटेत टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या हॉटेलात डॉक्टरने बी-१२ जीवनसत्त्व आणि मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. रात्री कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर त्याला झोपवून एक कॉलेजातला तरुण गाडी हाकत होता. १ जानेवारीच्या पहाटे वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलला तो मेलेला आढळला. शवविच्छेदनात कारण हृदयाचं निघालं. दारू होती, शिवाय क्लोरल हायड्रेट नावाचं झोपेचं औषध त्याला लिहून देणारा "डॉक्टर" खोट्या पदवीचा होता. वय २९. तेव्हा बाजारात असलेल्या रेकॉर्डचं शीर्षक "या जगातून जिवंत सुटणार नाही" अशा अर्थाचं होतं, त्यावरून भविष्यवाणीच्या कथा निघाल्या. ते विनोदी गाणं आहे, आणि त्याच्या लेखनात रोझचा वाटा आहे.

प्रश्न : मरताना त्याला मुलगा होता, घटस्फोट झाला होता, दुसरं लग्न झालं होतं. मग गाण्यांचे हक्क कोणाला गेले?

उत्तर : हा खरा गुंता, आणि तो सोडवायला कोर्टांना तीन दशकांहून जास्त लागली.

तेव्हाच्या कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे, आणि नंतर आणखी २८ वर्षांसाठी नूतनीकरण करता येई. मेख अशी की लेखक मधल्या काळात वारला तर नूतनीकरणाचा हक्क विधवेला आणि मुलांना जातो. १९४९ चं गाणं म्हणजे प्रश्न १९७७ मध्ये दारात येणार. मग विधवा कोण? पहिली बायको ऑड्री हिचा घटस्फोट १९५२ मध्ये झाला होता. तडजोडीत तिला पुढच्या रॉयल्टीचा निम्मा वाटा मिळाला, पण ती विधवा नव्हे. ऑक्टोबर १९५२ मध्ये हँकने बिली जीनशी लग्न केलं, न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात तिकीट लावून दोनदा सोहळा केला. मात्र तिचा आधीच्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट कागदावर पुरा झाला तो सोहळ्यानंतर काही दिवसांनी. म्हणजे ती तरी बायको का? १९५३ मध्ये तिने ३०,००० डॉलर घेऊन तडजोड केली. १९७५ मध्ये अटलांटातल्या फेडरल कोर्टाने लग्न ग्राह्य धरलं आणि नूतनीकरणातला निम्मा वाटा तिचा झाला. उरलेला निम्मा मुलगा हँक ज्युनियरचा.

एवढ्यावर मिटलं नाही. हँक गेल्यावर पाच दिवसांनी, ६ जानेवारी १९५३ ला, बॉबी जेट या बाईच्या पोटी त्याची मुलगी जन्मली. जन्माआधीच, ऑक्टोबर १९५२ मध्ये, त्याने तिच्या संगोपनाचा लेखी करार केला होता. आजीने, म्हणजे हँकच्या आईने, दत्तक घेतलं, आजी वारली, मूल दुसऱ्या घरी गेलं. ती मोठी होऊन जेट विल्यम्स या नावाने गायला लागली, आणि १९८० च्या दशकात कोर्टाने तिला मुलगी आणि वारस मानलं. तिचा वाटा मुलाच्या निम्म्यातून आला. ज्या कागदाने तिला लपवायचं होतं, त्याच करारातल्या कबुलीने तिची बाजू भक्कम झाली.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू? एकाच गाण्याचे पाच प्रकार सापडतात.

उत्तर : सापडणारच. हँक गेल्यावर एमजीएमने त्याच्या घरगुती नमुना रेकॉर्डिंगवर मागाहून वाद्यं चढवली, १९६० च्या दशकात तर व्हायोलिनचा ताफा घातला, शिवाय एका वाहिनीचं (मोनो) ध्वनिमुद्रण कृत्रिमरीत्या दोन वाहिन्यांत पसरवलं. ओळखायची खूण सोपी : मागे वाद्यवृंद किंवा समूहगान असेल, किंवा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत असेल, तर पुढे चला. "मूळ", "मोनो" आणि रेकॉर्डिंगची तारीख छापलेला संच घ्या.

आधी १९४९ ते १९५२ ची एमजीएमची रेकॉर्ड, दिवसाला चारच. स्टुडिओचं एक सत्र सहसा तीन तासांचं आणि चार गाण्यांचं असे, त्या मापाने ऐकलं की कान थकत नाही. २३ सप्टेंबर १९५२ चं सत्र अख्खं ऐका : नॅशव्हिलच्या टुलेन हॉटेलातला कॅसल स्टुडिओ, चार गाणी, "युअर चीटिन हार्ट" त्यातलंच. शरीर मोडकळीला आलं होतं हे माहीत असूनही ते आवाजातून ओळखता येत नाही.

"ल्यूक द ड्रिफ्टर" या नावाच्या रेकॉर्ड दिसल्या तर तोही हँकच. ते उपदेशाचं निवेदन आहे, गाणं नव्हे. खरं नाव घातलं असतं तर ज्यूकबॉक्सवाल्यांनी नाव पाहून मागवलं असतं, आणि नाचायला आलेल्या गिऱ्हाइकाने नाणं टाकून प्रवचन ऐकलं असतं.

मग १९५१ चे मदर्स बेस्ट पिठाच्या प्रायोजकत्वाखालचे सकाळचे रेडिओ कार्यक्रम. हँक दौऱ्यावर असताना वाजवता यावेत म्हणून ते सोळा इंची तबकड्यांवर आधीच मुद्रित करून ठेवत. पंधरा मिनिटांचे ७२ कार्यक्रम टिकले, तेही डब्ल्यूएसएमने जागा बदलताना कचऱ्यात टाकलेले कोणीतरी उचलून ठेवले म्हणून. २००८ पासून ते बाजारात यायला लागले. त्यात तो गाण्याआधी गप्पा मारतो, पिठाची जाहिरात करतो, हसतो, इतरांची भजनं गातो, आणि एखादं नवं गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधीच म्हणून दाखवतो. तिथे एकच गाणं कार्यक्रमात आणि मग एमजीएमच्या रेकॉर्डवर, असं पाठोपाठ लावा आणि वही घेऊन बसा. कुठला शब्द बदलला, कुठलं कडवं गळलं, स्टील कुठे गप्प बसली, ते लिहून काढा.